सिल्याचा भात

दिवाळी सरली की गोंदियाला वास सुटतो. बाहेरगावचे पाहुणे स्टेशनवर उतरताच नाक वर करतात आणि विचारतात, कसला हो हा वास? आम्ही म्हणतो, कसला? उसना तांदूळ करणाऱ्या मिलांमध्ये धान भिजवतात, उकडतात आणि ते पाणी नालीत सोडून देतात. तो आंबूस, ओल्या चादरीसारखा वास आमच्या नाकात असा मुरला आहे की तो आहे हेही आम्ही विसरतो. मी मात्र विसरत नाही. फुलचूरला आमच्या गच्चीवर सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारी काढायला गेलं की त्यांवर मिलांच्या धुराड्यांतून उडालेली भुशाची काळी राख बसलेली असते. झटकली तर पसरते, पुसली तर चोपडते. मी रोज शिव्या देते आणि रोज कपडे तिथेच वाळत घालते.

संध्याकाळचं तर बोलूच नये. ट्यूबलाइट लावली की धानावरचे हिरवे तुडतुडे खिडकीच्या जाळीतून आत येतात. कॉलरमध्ये शिरतात, डोळ्यांत जातात, वरणात पडून वरणाच्याच रंगाचे होतात. सकाळी दिव्याखाली झाडू मारला की सुपलीभर मढी निघतात. कापणीच्या या दिवसांवर लोक हौसेनं लिहितात, सोन्याची शेतं, पिवळ्या लाटा वगैरे. त्यांनी एकदा आमच्याकडे येऊन दिवा लावून जेवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मागच्या आठवड्यात अशाच तुडतुड्यांत माझी मुलगी गृहपाठ करत बसली होती. ती इंग्रजी शाळेत सहावीला आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, पण शाळेच्या व्हॅनमध्ये हिंदी चालते, त्यामुळे तिच्या तोंडात सगळ्याचीच खिचडी झाली आहे.

"मम्मी, गॅदरचे पाँच सिनोनिम लिहायचे आहेत. गाइडमधे आहेत, मी लिहून राहिली. कलेक्ट, असेंबल, अक्युम्युलेट, होर्ड, ग्लीन. टीचर म्हणे, सबका मतलब सेम है."

मला त्या 'सेम'चाच राग आला. मी स्वतः पोरांना इंग्रजीची शिकवणी देते, तेव्हा त्या टीचरचा राग येणं माझ्या धंद्यातच बसतं. पण खरं सांगायचं तर राग धंद्याचा नव्हता. दिव्याभोवती तुडतुडे जमले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांचं तिथे काही काम नव्हतं, नुसते जमले होते. गच्चीवर राख साचली होती. गल्लीच्या तोंडाशी पोरं पावतीपुस्तक घेऊन वर्गणी गोळा करत होती आणि न देणाऱ्याच्या दाराकडे बघून काहीतरी पुटपुटत होती. पलीकडच्या गोदामात व्यापाऱ्यानं तांदूळ साठवून ठेवला होता आणि तो किडू नये म्हणून त्यावर असलं औषध मारलं होतं की रस्त्यानं जाताना डोळे चुरचुरत. इंग्रजीला या सगळ्यासाठी एकच शब्द पुरतो म्हणे. पुरू दे. कपड्याला चुण्या घालतात त्यालाही गॅदर, मनाचा धडा करतात त्यालाही गॅदर, दुसऱ्याच्या बोलण्यावरून काय ते समजून घेतात त्यालाही गॅदरच. पण पोरीला 'सेम' म्हणून शिकवू नये. जमणारा वेगळा, साठवणारा वेगळा, आणि वेचणारा तर फारच वेगळा.

"ग्लीन म्हणजे?" तिनं विचारलं.

"धान कापून नेल्यावर बांधीत जी लोंबं पडून राहतात ना, ती वेचणं. पुस्तकात त्याला सरवा म्हणतात. आपल्याकडे सिला म्हणतात. तुझी मावशी वेचायची. उंदराच्या बिळातलंही काढायची."

"छी! चूहे का?" ती म्हणाली आणि पेन सोडून हात फ्रॉकला पुसले.

मी तिला रागावले नाही. छी तर मीही म्हणत असे.

आमचं गाव दवनीवाड्याच्या अंगाला. बाबा गोंदियाच्या एका मिलमध्ये हमाल होते, शनिवारी येत. माय आणि माझी मोठी बहीण वंदनाताई कापणीला जात. मी अकरावीत होते, दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. शाळा सुटली की मलाही विळा धरावा लागे, आणि मी तो सगळ्या जगावर उपकार केल्यासारखा धरत असे. धानाची पानं हाताला कापतात. त्यात एक गंधी किडा असतो, तो चिरडला की बोटांना जो वास लागतो तो साबणानं जात नाही, राखेनं जात नाही, भाकरीच्या घासाबरोबर पुन्हा नाकात येतो. पाणी नुकतंच ओसरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल वरून वाळलेला आणि आत पिचपिचीत. पाय टाकला की बोटांच्या फटींतून वर येई. मला त्या चिखलाची घाण वाटे, किड्यांची घाण वाटे, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभ्या राहणाऱ्या पाटलाची तर सगळ्यात जास्त.

पाटील माळव्याकडून आलेल्या जुन्या जमीनदार घरातला. शिवीगाळ करणारा नव्हता, मजुरी बुडवणारा नव्हता. पण बायांनी सिल्यासाठी मुद्दाम लोंब पाडू नये म्हणून तो दिवसभर आमच्या हातांकडे बघत उभा राही. "बाई हो, मूठ घट्ट धरा ना जरा!" असं तो मधूनमधून म्हणे, आणि म्हणताना गोड हसे. ते हसू मला गंधी किड्यापेक्षा वाईट वाटे. शेवटचा भारा डोक्यावर चढून बांधीबाहेर पडला की तो मोठ्यानं म्हणे, "मोकळी!" मग बाया आत शिरत. त्याआधी कुणी वाकून एक लोंब उचललं तर चोरी, आणि त्यानंतर उचललं तर हक्क. रीतच होती तशी. एका वर्षी त्याच्या बायकोनं 'मोकळी' म्हणायच्या आधी बकऱ्या आत घातल्या, तेव्हा माझ्या मायनं पुढच्या दिवशी सगळ्या बायांसकट कापणीलाच दांडी मारली. बकऱ्या पुन्हा आल्या नाहीत.

सिल्याचं धान बाईचं, ही दुसरी रीत. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, सासऱ्याचा नाही. आणि आमच्या घरात त्यातही आणखी एक रीत होती. लग्नाच्या पोरीनं वेचलेलं धान वेगळ्या ढोलीत ठेवायचं. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं सारवलेली कणगी. पोरीच्या लग्नातली पहिली पंगत त्याच धानाच्या भातावर उठायची. कुणाचं देणं नको, कुणाचं घेणं नको, पोरीनं आपल्या हातानं आपली पंगत घालायची. माझ्या मायनं तशी घातली होती, तिच्या मायनंही. ताईची ढोली काही हंगामांपासून भरत आली होती. ढोलीकडे ती ज्या नजरेनं बघे, त्या नजरेनं मी माझ्या मार्कशीटकडेही कधी बघितलं नाही.

आणि ताईचं धान बरंचसं धुऱ्यातून येई. कापणीच्या दिवसांत उंदीर लोंबं तोडतोडून धुऱ्याच्या बिळात नेतात. सिला वेचून झाला की ताई धुऱ्यावर गुडघे टेके, विळ्यानं माती उकरी आणि कोपरापर्यंत हात आत घाली. आतून ऊबट, मुताचा, कुबट वास येई. कधी लोंबांबरोबर आंधळी, गुलाबी, बिनकेसांची पिल्लं हाताला लागत, ती ताई बाजूच्या गवतात ठेवून देई आणि पुन्हा हात घाली. मी चार पावलं लांब उभी राहून ओकारी दाबत असे.

"ताई, काऊन करून राहिली वो हे? किती घाण हाये!"

"तुले का मायीत. उंदीर सडकं नेत नाही. निवडून नेते थो. पाटलाच्या कोठीतबी असं धान नाही." ती लोंबांची जुडी झटकून मला दाखवी. दाणे खरंच टपोरे असत, एकाला एक लागून. मी बघत नसे.

त्याच हंगामात सौंदडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत गँगमन होता, रुळांवर काम करणारा, पण सरकारी. आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेला. मामा साकोलीकडे कुठल्याशा कार्यालयात कारकून, चारचौघांत भाषण करणारा, शिकलेला, आमच्या समाजात वजन असलेला. होकार-नकार त्याच्याच तोंडी होता. ताईला आधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, एकदा रंगावरून आणि एकदा शिक्षणावरून. हे स्थळ गेलं तर पुढचं कधी येईल सांगता येत नव्हतं. माय तर रोज पोरीकडे बघून उसासे टाकत होती. बाबांनी मिलमधून सुट्टी घेतली, भिंतींना चुना मारला आणि बुद्धाच्या फोटोला नवी काच बसवली.

जेवणाचा प्रश्न आला. घरात रेशनचा तांदूळ होता, त्याला पोत्याचा वास मारे. दुकानातून आणायचा तर दुकानदाराच्या तांदळात खडे. माय ताईच्या ढोलीसमोर जाऊन उभी राहिली. "त्यातलंच काढतो," ती म्हणाली. "पाव्हण्याईले घरातलं बेस द्यावं." तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. तिला ते धान म्हणजे सोनं होतं, आणि सोनं दुसऱ्याला घाण वाटेल हे तिला कसं सुचावं! ताईनं स्वतः ते कांडलं, पाखडलं, निवडलं. भात उतरवला तेव्हा झाकणाखालून जो वास आला तो घरभर फिरला. मला आवडला तो वास, हे मला आवडलं नाही.

पाहुणे दोघंच आले, मामा आणि मुलगा. अंगणात चटई टाकून पानं मांडली. शेजारच्या बाया कुंपणापाशी जमल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण पोरगी दाखवायची म्हटलं की आमच्याकडे कुंपणाला डोळे फुटतात. मामा बोलायला लागला की थांबत नसे. पोरींनी शिकलं पाहिजे, आपण सुधारलं पाहिजे, जुनं सोडलं पाहिजे. बोलणं बरोबरच होतं. आमचे आजे-पणजे छप्पन साली धम्माला लागले तेव्हा त्यांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, दारोदारचं शिळं मागणं सोडलं आणि त्यापायी उपासही काढले. ते ऐकत मी मोठी झाले आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मामाच्या तोंडून ते ऐकताना का कोण जाणे मला तुडतुड्यांची आठवण येत होती. बोलता बोलता भात संपला. त्यानं पुन्हा मागितला. पुन्हा संपला, पुन्हा मागितला.

"वाह! क्या चावल है!" तो बोटं चाटत म्हणाला. "वास मस्त हाये, चिन्नोर हाये का वो बाई? कोणत्या मिलचा?"

माय घाबरून हसली. "घरचाच हाये, भाऊ."

"घरचा? तुमाले त शेती नाही म्हणत होते."

वाढायला आलेली ताई भाताचं भांडं हातात घेऊन उभी होती. तिला सरळ विचारलं की ती सरळ सांगते. हा तिचा गुण की दोष हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

"सिल्याचा हाये," ती म्हणाली. "मी येचलेला. बराचसा धुऱ्यातला, उंदरानं नेलेला. म्हणून त एवढा साजरा हाये."

मामाच्या तोंडात घास होता. त्यानं तो चटईच्या बाहेर, आमच्या सारवलेल्या अंगणात थुंकला. नुसता थुंकला नाही, खाकरून थुंकला, बोट घालून दाढेतलंही काढलं. मग पानातला उरलेला भात हातानं बाहेर ढकलला. दोनदा मागून खाल्लेला भात त्याच्या पोटातच होता, तो काही त्यानं बाहेर काढला नाही.

"याच्यासाठी दीक्षा घेतली का आपण?" तो ओरडला. "दुसऱ्याच्या बांधीतलं उष्टं येचाचं? त्यातबी उंदराचं? शरम नाही वाटत तुमाले? अशा घरची पोट्टी आमी करावं?"

मायचा हात पदराशी गेला. बाबा उठून काहीतरी माफीचं बोलायला लागले. मला त्या क्षणी सगळ्यांची किळस आली. अंगणात पडलेल्या त्या चघळलेल्या गोळ्याची, मामाच्या ओल्या मिशांची, कुंपणावरच्या हनुवट्यांची, बाबांच्या जोडलेल्या हातांची. बिळाचा वास मला आयुष्यभर घाण वाटत आला आहे, पण बिळात हात घालताना ताईचं तोंड कधी मामाच्या या तोंडाएवढं घाण झालं नव्हतं.

ताईनं भांडं खाली ठेवलं. घरात गेली, सूप घेऊन आली आणि मामाच्या पुढ्यात ठेवलं.

"मामाजी, येचा."

"काय?"

"तुमी सांडवलं. येचा."

मुलगा बिचारा चांगला होता. तो काही न बोलता उकिडवा बसला आणि दाणे उचलायला लागला. ताई म्हणाली, "तुमी नोका. ज्यानं सांडवलं, त्यानं." त्यानं हात मागे घेतला.

"वंदना!" माय ओरडली. तिच्या आवाजात सगळं होतं, नवा चुना, दोन नकार, रेल्वेची नोकरी. ताईनं मागे वळून बघितलंही नाही. ती नुसती उभी होती. आणि कुंपणापाशी जमलेल्या बायांतली कुणीतरी म्हणाली, "बरोबर बोलली पोट्टी. अन्न हाये बाप्पा." दुसरीनं री ओढली. एवढ्या डोळ्यांसमोरून उठून जायचं तर चारचौघांत भाषण करणाऱ्या माणसाला ते कसं जमणार? तो खाली बसला. रागानं, धोतराचा सोगा सावरत, कुणाकडे न बघता बसला आणि सुपाकडे हात नेला.

एरवी माणूस सांडलेला भात उचलतो तो चिमटीनं, शीत शीत, किंवा मग हाताच्या कडेनं लोटतो. मामानं तसं केलं नाही. त्याचा उजवा हात उपडा जमिनीवर गेला, अंगठा आणि दोन बोटं पुढे चालायला लागली, आणि करंगळी न् तिच्या शेजारचं बोट मिटून त्यांच्या मुठीत दाणे सरकायला लागले. मूठ भरेपर्यंत हात जमिनीवरून उठला नाही. डावा हात त्याआधी पुढची जागा चाचपून मोकळा. डोळे पुढच्या दाण्यावर, आताच्या दाण्यावर नव्हेच. तो घाईत होता, संतापला होता, बोटांकडे त्याचं लक्षच नव्हतं, आणि बोटं आपली चालली होती. एकही शीत मागे राहिलं नाही. असं फक्त ज्यानं लहानपणी, बोटं कोवळी असताना, मायच्या मागे मागे बांधीतून फिरून केलंय तोच करू शकतो. मी जन्मभर उभी राहून बघितलं तरी मला ते येत नाही.

मायनं ते पाहिलं. ती माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "येचलेला हाये हा."

तिचा चेहरा उजळला होता. आपलाच माणूस निघाला, आता काय, आता होईल सगळं नीट. मामानंही तिच्याकडे बघितलं, आणि तिला कळलंय हे त्याला कळलं. तो उठला, हात धुतले, पाणी प्यायला. आवाज एकदम उतरला होता. "जाऊ द्या, झालं थे झालं," तो बाबांना म्हणाला. "पोरगी कामाची हाये. तारीख काढा. पण पंगतीले तांदूळ दुकानातला घ्या, लोक काय म्हणतील." बाबांनी मान डोलावली. मायनं डोळे पुसले. कुंपणावरून कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

"मले नाही कराचं," ताई म्हणाली.

माय तिच्या अंगावर धावून गेली. दंड धरून हलवायला लागली. "कायले? कायले नाही कराचं? येचलं ना त्यायनं? आणखी का पाह्यजे तुले?"

ताईनं सूप उचललं आणि त्यातला भात कोंबड्यांना टाकला. मग मामाकडे बघत, पण मायला म्हणाली, "ज्याले येचनं ठाऊक नवतं, त्यानं थुकलं असतं तं मी अंगण शेणानं पोतारलं असतं न् इसरली असती. याले ठाऊक होतं."